मध्यस्थीची बैठक: सलग दिवसभर की दोन-दोन तासांच्या टप्प्यांत?

पैशांचा किंवा कंत्राटाचा वाद असेल आणि कागदपत्रं हातात असतील, तर सलग दिवसभराची बैठक घ्यावी. घटस्फोट, मुलांचा ताबा, वाटणी असे विषय असतील, तर दीड-दोन तासांच्या तीन ते पाच बैठका बऱ्या.

सलग बैठक साधारण सहा ते आठ तास चालते. पहिला तास-दीड तास गोपनीयतेचे नियम आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं यात जातो. मग मध्यस्थ एकेका पक्षाशी वेगळ्या खोलीत बोलतो. तो तिकडे पाऊण तास बसला की इकडे वाटू लागतं, आपलं काही जमत नाही. पण इतका वेळ लागणं नेहमीचंच आहे. तेवढ्यात आपला पुढचा आकडा आणि त्यामागचा हिशेब कागदावर मांडून ठेवावा. दुपारपर्यंत रकमा फारशा हलत नाहीत, खरी घासाघीस बहुधा शेवटच्या दोन तासांत होते. त्यामुळे चार तासांची अर्ध्या दिवसाची बैठक एखाद्याच मुद्द्याला पुरते, एरवी ऐन मोक्याला वेळ संपतो.

तडजोड ठरल्यावर मसुद्याला आणखी तास-दोन तास धरा. हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर काय, चालू दावा कोण आणि कधी मागे घेणार, हे सगळं थकल्या डोक्याने लिहिलं जातं आणि पुढची भांडणं तिथूनच निघतात. रकमेच्या जागा मोकळ्या सोडून कच्चा मसुदा आदल्या दिवशीच करून ठेवला, तर हे टळतं. ‘उद्या लिहू’ म्हणून सह्या न करता उठू नका. रात्रीतून माणसं फिरतात.

टप्प्यांच्या बैठकांचा फायदा मधल्या दिवसांत आहे. बँकेचे उतारे, घराचं मूल्यांकन आणता येतं, मुलांच्या भेटीचं वेळापत्रक आठवडाभर पाळून बघता येतं. शिवाय दुखऱ्या विषयावर दोन तासांपुढे कोणी नीट ऐकून घेत नाही. तोटा असा की दर वेळी पहिली पंधरा-वीस मिनिटं मागची उजळणी करण्यात जातात, आणि मधल्या काळात नातेवाइकांच्या सल्ल्याने ठरलेलं मोडतं. म्हणून ठरलेले मुद्दे आणि कोणी काय आणायचं ते उठण्याआधी लिहून घ्यावं. दोन बैठकांत दोन आठवड्यांहून जास्त अंतर नको.

ऑनलाइन असेल तर तीन तासांवर थांबा.

निर्णयाचा अधिकार असलेली व्यक्ती फक्त फोनवर असेल, तर सलग बैठक घेऊच नका. दर प्रस्तावाला तिची वाट पाहण्यात दिवस जातो. मध्यस्थाचं शुल्क तासावर असेल, तर वेगळ्या खोलीत ताटकळण्याचा वेळही त्यात धरला जातो. ठरल्या वेळेपुढे दर काय, ते आधीच लेखी विचारा. आणि त्या संध्याकाळी परतीची गाडी ठरवू नका: ज्याला निघायची घाई, तोच शेवटच्या तासात जास्त सोडतो.