नॅरोगेज हेरिटेज टूर, वडोदरा: गाइड पाच स्टार, बस दोन

आम्ही दांडिया बाजारची मंडळी, सकाळी सेव-उसळ हाणून (ती टूरमध्ये नाही, आपापली) या अर्ध्या दिवसाच्या टूरला गेलो. मिनीबसचा एसी नावालाच होता आणि निघायलाही उशीर, ते आधीच सांगून टाकतो. पण गाइड काका वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये नोकरी केलेले, पाठ केलेलं भाषण नाही, आणि तिथेच पैसे वसूल झाले बघा.

शाळेत आपण बोरीबंदर-ठाणे घोकतो, पण बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ३२ किलोमीटरची नॅरोगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची लाइन टाकली, देशातली पहिली, हे इथे जन्म काढलेल्यांनाही माहीत नसतं. त्यावर गाडी ओढायला चक्क बैल! १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं इंजिन आलं सुद्धा, पण रूळ दर वारी (यार्ड) जेमतेम १३ पौंड वजनाचे, त्यांना वजन झेपेना, मग परत बैल जुंपले. जड रूळ टाकून वाफेची गाडी धावायला १८७३ उजाडलं. आमच्यातले एक साहेब म्हणाले, म्हणजे दहा वर्षं फाइल अडकली होती, काका पोट धरून हसले.

खरी मजा एका जुन्या नॅरोगेज इंजिनाशी आली. काकांनी टॉर्च मारून फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या भट्टीच्या आतल्या नळ्यांची तोंडं दाखवली, आगीचा धूर त्यातून पुढे जातो आणि भोवतीचं पाणी उकळतं, वापरलेली वाफ चिमणीतून भक्कन बाहेर पडते तीच मागून आग ओढते, म्हणून तो छुकछुक आवाज. पाणी खूप खाली गेलं तर फायरबॉक्सच्या माथ्यावरचा शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर येते, ड्रायव्हरला तीच शेवटची वॉर्निंग. भाच्याने तर डोकंच आत घातलं.

काकांचं ठाम मत, नुसता चकचकीत ऑइलपेंट मारला की इंजिन जपलं असं नाही. पुढच्या स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या कप्प्यात, जुनी राख राहिली की ती ओल धरते, आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो, वरून नवरीसारखं सजवलेलं असलं तरी. म्हणून आधी राख काढायची, चिमणीवर झाकण टाकायचं, जमलं तर वर शेड घालायची, रंग सगळ्यात शेवटी. हे मला पटलं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटंच चालतं.

मग फतेहसिंह म्युझियमच्या दाराशी राजवाड्याच्या छोट्या गाडीचं इंजिन बघितलं, आमराईभोवती फिरून राजघराण्याच्या मुलांना शाळेत सोडायची ती गाडी, आणि हे म्युझियम म्हणजेच ती शाळा. छान ठेवलंय, पण तिथे फार घाई केली, वीस मिनिटं तरी द्यायला हवी होती.

बुकिंगवाल्यांना एवढंच, जेवणावर कमी खर्च करा, बस बदला. जाणार असाल तर पांढरा शर्ट नको, काका हात लावायला देतात आणि ग्रीस निघता निघत नाही.