सराफ्यातले गराडू, टाइप १ असलेल्या लेकीसोबत

थंडीत रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलात तर गराडू (एका कंदाच्या तळलेल्या फोडी) खायलाच हवेत. आम्ही जातो त्या ठेल्यावर फोडी दोनदा तळतात, त्यामुळे बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. वर जिरावण (इंदुरी चटपटीत मसाला) आणि लिंबू. चवीला पाचपैकी पाच. मागितली तर भैया अर्धी प्लेटही आनंदाने देतात.

माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला टाइप १ मधुमेह आहे, म्हणून तशा घरांसाठी थोडं जास्त लिहिते. गराडू कंद, पिष्ट भरपूर. पण खरी गोम तेलात आहे. स्निग्ध खाण्याने जठर उशिरा रिकामं होतं, साखर रक्तात सावकाश येते. खाण्यासाठी टोचलेलं जलद इन्सुलिन मात्र एक-दोन तासांतच जोरात असतं. म्हणजे आधी साखर घसरू शकते आणि काही तासांनी, ऐन झोपेत, चढते. शिवाय रक्तात वाढलेली मेदाम्लं इन्सुलिनचा परिणाम कमी करतात; वयात येतानाचं ग्रोथ हार्मोनही तेच करतं. डोस कसा विभागायचा हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आम्ही साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म लावून झोपतो.

मैत्रिणींच्या घोळक्यात ती मनसोक्त खाते, हे मला फार मोलाचं वाटतं. शनिवार-रविवारी मात्र गर्दी फार, मधल्या वारी जा.