घर सोडताना पाककृती न्यायच्या कशा? वही, व्हिडिओ, वजनकाटा की फोन

नोकरीचं पत्र हातात पडलं की घरात दोन लगबगी सुरू होतात. एक कागदपत्रांची, दुसरी ‘तिकडे खाणार काय’ याची. पहिलीला यादी असते, तारखा असतात. दुसरी ढकलत ढकलत शेवटच्या रात्रीवर येते आणि मग कोणीतरी स्वयंपाकघरातली जुनी वही काढून मोबाइलवर धडाधड फोटो मारत बसतं.

कामानिमित्त मी तीनदा बिऱ्हाड हलवलं. पहिल्यांदा वही नेली, दुसऱ्यांदा व्हिडिओ, तिसऱ्यांदा वजनं. आणि ‘आई, आता पुढे काय?’ असा फोन तर तिन्ही ठिकाणांहून चालूच होता. निघायला तुमच्याकडे दोन-चार आठवडे असतील आणि ते कशावर खर्चावेत हे ठरत नसेल, तर या चारींचा हा माझा जमाखर्च.

वही

वहीकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. घरची वही शिकवण्यासाठी लिहिलेली नसते. जिला पदार्थ येतो तिने स्वतःच्या आठवणीसाठी केलेली ती नोंद असते. आईच्या वहीत एका पानावर सहा जिन्नस आहेत आणि खाली फक्त ‘बाकी नेहमीप्रमाणे’. तिच्या दृष्टीने कृती पूर्ण आहे. मला मात्र त्या ‘नेहमीप्रमाणे’साठीच वही हवी होती.

तरी वहीत एक गोष्ट अशी असते जी बाकी कशात नाही, ती म्हणजे खाडाखोड. ‘दोन वाट्या’वर काट मारून केलेलं ‘दीड’, समासातलं ‘जास्त पातळ झालं’, वेगळ्या शाईत वाढवलेला एक जिन्नस. बाई त्या पदार्थाशी किती वर्षं झटत होती ते तिथे दिसतं. स्वच्छ अक्षरात वही उतरवून काढणारे नेमकं हेच गाळतात.

मूळ वही न्यावी का? नाही. मी नेली. सामानात तेलाची बाटली होती आणि तिचं झाकण सैल होतं. अक्षरं पुसली नाहीत, पण तेल प्यायलेला कागद आरपार दिसायला लागला आणि मागच्या पानावरची हळद पुढच्या पानावरच्या साखरेत डोकावू लागली. आजही त्या चार पानांवर दोन पदार्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. वही घरी राहू द्या आणि नक्कल न्या. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) पुरतात. हे फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून साध्या फोटोसारखे पाठवू नका. पाठवताना ते दाबून लहान होतात आणि फिकट शाई त्यातच हरवते. फाइल म्हणून पाठवा. आणि जपण्याच्या नादात मूळ पानांना लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा सुटत नाही.

टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तीच अक्षरं दाखवणाऱ्या सामायिक पद्धतीत. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक अशा फॉन्टमध्ये लिहीत होते ज्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. तो फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण वाचता येते ती नुसती चिन्हांची खिचडी.

व्हिडिओ

वही जिथे गप्प बसते तिथे व्हिडिओ बोलतो. पीठ किती सैल, मिश्रण चमच्यावरून कसं ओघळतं, ‘तांबूस’ म्हणजे नक्की केवढं तांबूस, हे शब्दांत पकडता येत नाही.

पण माझ्या चाळीस मिनिटांच्या व्हिडिओंत बहुतेक वेळ आईची पाठ दिसते. मागे एक्झॉस्ट फॅनची घरघर, मध्येच दाराची घंटा, आणि नेमकं मीठ घालताना ती म्हणते, ‘एवढं.’ एवढं म्हणजे केवढं, ते तिच्या मुठीत. शिवाय साठवणीचा प्रश्न आहेच. फोनवर १०८०पी दर्जाचं चित्रण मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी खातं, म्हणजे तासाभराचा पदार्थ चार ते आठ जीबी. आणि गॅसवर भांडं ठेवून, ओल्या हाताने, चाळीस मिनिटांतलं ते तीन सेकंदांचं दृश्य शोधायला कोणाला वेळ असतो?

म्हणून अख्खा पदार्थ चित्रित करू नका. प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या तीन फिती काढा: मिश्रणाचा सैलपणा, गॅस बंद करण्याचा क्षण, आणि तयार पदार्थ चमच्याने उचलताना. कॅमेरा हातांवर, वरून. पंखा बंद, कारण तेलाचा आणि उकळीचा आवाज हीसुद्धा खूणच असते. भांड्याशेजारी एक पांढरी ताटली ठेवा. पिवळ्या दिव्याखाली फोन रंग स्वतःच्या मनाने बदलतो. ताटली पांढरी दिसत असेल तर बाकीच्या रंगांवर भरवसा ठेवता येतो.

लांबलचक व्हिडिओ एक तरी असू द्या, पण तो स्वयंपाकासाठी नाही. माझ्याकडचा तसा एक मी बराच वेळा पाहिलाय आणि त्यावरून एकदाही काही रांधलेलं नाही.

वजनकाटा

माझं मत आधीच सांगून टाकतो: वेळ थोडा असेल तर तो इथे घाला.

‘वाटी’ आणि ‘कप’ ही मापं घराघरांत बदलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. देशादेशांतही बदलतात हे परक्या ठिकाणी पदार्थ बिघडल्यावर कळतं. अमेरिकी कप सुमारे २४० मिलि, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलि, ऑस्ट्रेलियात २०. तेच पीठ हलक्या हाताने भरलं तर कपात १२० ग्रॅम बसतं, दाबून भरलं तर १५०. मिठाचं तर आणखी अवघड: बारीक मिठाचा छोटा चमचा साधारण ६ ग्रॅम, आणि जाड खड्यांचं मीठ त्याच चमच्यात कधीकधी त्याच्या निम्मं. ग्रॅम मात्र सगळीकडे ग्रॅमच.

अडचण एकच. करणारी व्यक्ती मापून करत नाही, आणि मापायला लावलं की तिचा हात बिचकतो. आईला मी पहिल्या दिवशी ‘हे वाटीत काढ, मग घाल’ म्हटलं तेव्हा ती म्हणाली, ‘मी काय इथे प्रयोगशाळा उघडलीये?’ आणि त्या दिवशीचा पदार्थ खरंच अळणी झाला.

मग युक्ती सापडली. तिला काही सांगायचंच नाही. मिठाचा डबा स्वयंपाकाआधी काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा. तिने नेहमीसारखी बोटांनी चिमूट टाकली की डबा परत काट्यावर. फरक म्हणजे तिची चिमूट. तेलाची बरणी, पिठाचा डबा, मसाल्याची वाटी, सगळ्यांना हाच न्याय. पाणीसुद्धा तांब्यासकट तोलायचं, कारण पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलि. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. मसाल्यांसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा मिळाला तर उत्तम.

हे एकाच पदार्थाला तीनदा करा. माझ्या नोंदीत मीठ ११, १४ आणि १२ ग्रॅम आलं. १४ का, म्हणून पाहिलं तर त्या दिवशी पाणी जास्त होतं. तिच्या ‘अंदाजा’मागे हिशेब होता, फक्त तो कधी बोलून दाखवलेला नव्हता. शेवटी पूर्ण तयार पदार्थाचंही वजन घ्या. त्यावरून किती पाणी आटवलं ते कळतं आणि मिठाचं प्रमाण टक्क्यांत काढता येतं. मग दोघांसाठी करा नाहीतर वीस जणांसाठी, चव हलत नाही.

पण काट्यालाही नवं घर फसवतं. दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंशाने आधी उकळतं. १५०० मीटरवर सुमारे ९५ अंशांना, ३००० मीटरवर ९० च्या आसपास. उकळी दिसते, पण ती तेवढी गरम नसते, आणि दाणा कच्चा राहतो. प्रेशर कुकर नेहमीच्या दाबाला १२० अंशांच्या आसपास पोचतो, म्हणून उंचावर तो चैन नसून गरज ठरतो, आणि तिथे त्यातही थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. नळाचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कडधान्यांना मऊ होऊ देत नाही. तुमची डाळ वाईट नसते, पाणी वेगळं असतं. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला की फरक पडतो. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचं किंवा तांब्याचं जुनं भांडं चालत नाही. तळाला चुंबक चिकटतं का ते घरीच पाहून घ्या, नाहीतर लाडकं पातेलं विमानातून हिंडून शोभेला उरेल. आतली गरम हवा पंख्याने फिरवणारा ओव्हन असेल तर साध्या ओव्हनसाठी लिहिलेल्या तापमानातून २० अंश वजा. आंबवायच्या पदार्थाला थंड घरात दुप्पट वेळ लागला तर घाबरू नका.

म्हणूनच वजनांशेजारी मिनिटं लिहू नका. लिहिलीच तर कंसात. मिनिटं तिथल्या स्वयंपाकघराची असतात, खूण पदार्थाची. ‘दहा मिनिटं परता’ ऐवजी ‘कच्चा वास जाऊन कडेला तेल दिसेपर्यंत’. ‘आठ तास ठेवा’ ऐवजी ‘दुप्पट फुगून वर बुडबुडे दिसेपर्यंत’. घड्याळाचा आकडा उंचीबरोबर, पाण्याबरोबर, शेगडीबरोबर बदलतो. कडेला सुटलेलं तेल ओळखायला कुठेही तेच डोळे पुरतात.

फोन

‘वास आला का?’
‘कसला वास?’
‘अरे, येतो तेव्हा कळतो.’

पहिल्यांदाच पदार्थ करताना फोनचा उपयोग एवढाच. चुकलेला पदार्थ समोर घेऊन लावलेला फोन मात्र फार कामाचा. तेव्हा आईच्या प्रश्नांना धार येते: झाकण ठेवलं होतंस का, पाणी गार घातलंस का, भांडं केवढं होतं? चौथ्या प्रश्नाला चूक सापडते. हे ना वहीला जमतं ना व्हिडिओला. अडचण वेळेच्या फरकाची. तुमच्या रात्रीच्या जेवणाला तिथे पहाट असेल तर भांड्याचा फोटो आणि तीन ओळी पाठवून ठेवा, आणि जेवून घ्या.

तर ठरवायचं कसं

दोनच दिवस असतील तर वहीचे फोटो, आणि रोज लागणाऱ्या दोन पदार्थांची वजनं. व्हिडिओ सोडून द्या.

तीन आठवडे असतील तर पाच पदार्थ निवडा, पन्नास नाही. सणासुदीचे नकोत. आजारी असताना, दमून घरी आल्यावर, महिनाअखेरीला जे हवेसे वाटतात ते. पहिला आठवडा डबे तोलण्यात. दुसऱ्यात उलटापालट: रांधायचं तुम्ही, त्याच घरात, त्याच शेगडीवर, आणि करणारीने खुर्चीवर बसून नुसतं पाहायचं. तिला ते जड जातं. माझी आई तीनदा उठली आणि एकदा माझ्या हातातून पळी काढून घेतली. पण ती जिथे जिथे उठली, नेमकी तीच ओळ वहीत नव्हती. त्या आठवड्यात मी जेवढं लिहून घेतलं तेवढं आधीच्या दोन्ही बिऱ्हाडांत मिळून घेतलं नव्हतं. तिसरा आठवडा राखीव, कारण कोणीतरी आजारी पडतंच.

आणि करणारं माणूसच आता नसेल, हाती फक्त वही असेल, तर काटा स्वतःसाठी लावा. दर वेळी तारीख घालून वजनं लिहा आणि तो पदार्थ लहानपणी खाल्लेल्या दोघा-तिघा नातेवाइकांना चाखायला द्या. कृती त्यांना येत नसेल, पण ‘आंबट जास्त आहे, आणि ती थोडं जळू द्यायची’ एवढं ते बरोबर सांगतात. माझ्या काकांनी सांगितलेलं ते ‘थोडं जळू द्यायची’ आजीच्या वहीत कुठेच नाही.