कॉम्पॅक्टर घ्यायचा तर आधी मागून बघा

कचरा दाबून नेणाऱ्या, मागून भरायच्या कॉम्पॅक्टर गाडीचा फोटो हमखास बाजूने काढलेला असतो. लांबलचक बॉडी, चकचकीत रंग आणि त्यावर मोठ्या अक्षरात घनमीटर. गाडी कामाची निघणार की डोक्याला ताप होणार, हे मात्र शेवटच्या दीड मीटरमध्ये ठरतं. तिथे हॉपर (कचरा टाकायची कुंडी) आहे, टेलगेट (वर उचललं जाणारं मागचं दार) आहे, टेलगेटमधली पॅकर (कचरा आत दाबणारी) यंत्रणा आहे आणि टेलगेट जिथे बॉडीला टेकतं तिथला रबरी सील आहे. पुढची बॉडी ही शेवटी एक पेटी. हे परीक्षण मधल्या मापाच्या गाडीचं आहे: १६ टनी चेसिस, १४ घनमीटर बॉडी, मागे डबे उचलणारा बिन लिफ्टर.

यंत्रणा साधी आहे. वर-खाली सरकणारी एक स्लाइड प्लेट आणि तिच्या खालच्या टोकाला पिनांवर फिरणारा स्वीप ब्लेड. ब्लेड उघडतो, स्लाइड खाली येते, ब्लेड हॉपरच्या तळावरून कचरा ओढत आत वळतो, आणि स्लाइड वर जाताना तो कचरा बॉडीत कोंबला जातो. पूर्ण फेरी साधारण २० ते ३० सेकंदांची. अमेरिकेत १९३८ च्या सुमारास गार वुड कंपनीचा ‘लोड-पॅकर’ आला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: हायड्रॉलिकच्या जोरावर मागून दाबत जायचं. नवं म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वायरिंग आणि सेन्सर.

आता वजनाचा हिशेब, कारण सगळ्यात महाग चूक इथे होते. एकूण १६ टनांची मर्यादा धरा. केबिनसह चेसिस सव्वापाच टन, टेलगेट आणि लिफ्टर धरून बॉडी पाच टन, डिझेल, हायड्रॉलिक ऑइल आणि माणसं मिळून अर्धा टन. कचऱ्यासाठी उरले सव्वापाच टन. ओला कचरा दाबून भरला की घनमीटरला ५०० किलो सहज बसतो. १४ घनमीटरला झाले सात टन. गाडी पाऊण भरली तिथेच मर्यादा संपली. पण हॉपर अजून गिळतोय, त्यामुळे भरणारे थांबत नाहीत. पुढे पाटे बसतात, टायर फुटतात, ब्रेक लायनर संपतात, आणि दोष चेसिसच्या माथी जातो.

याच गाडीत फक्त सुका कचरा घाला. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक सुटं असताना घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतं. साडेतीन पट दाबलं तर ३५० किलो, पूर्ण बॉडीला ४.९ टन. बरोब्बर बसलं. म्हणून पत्रकातलं ‘दाब ५:१’ वाचून हुरळून जाऊ नये. हे प्रमाण गाडीइतकंच, किंबहुना जास्त, कचऱ्यावर अवलंबून असतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाणी दाबलं जात नाही, ते फक्त बाहेर येतं. ओल्या कचऱ्यासाठीच गाडी घ्यायची असेल तर त्याच चेसिसवर १० घनमीटरची बॉडी घ्यावी. बॉडीचं स्वतःचं वजनही कमी होतं आणि गळती झेपण्याइतकी राहते. मोठा आकडा टेंडरमध्ये चांगला दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

वजन किती यासोबत ते कुठे पडतं हेही बघायला हवं. भराई सुरू होते तेव्हा इजेक्टर प्लेट (बॉडीतली कचरा बाहेर ढकलणारी सरकती भिंत) मागे, टेलगेटजवळ असते आणि कचऱ्याच्या रेट्याने हळूहळू केबिनकडे सरकते. म्हणजे पहिले दोन-तीन टन मागच्या एक्सलच्या आसपास किंवा त्याच्याही मागे. त्यात टेलगेट एकटंच दीड-दोन टनांचं, आणि ते मागच्या चाकांच्या पलीकडे लटकलेलं. अर्धी भरलेली गाडी पुढून हलकी होते, स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि ओल्या चढावर पुढची चाकं वळणाला दाद देत नाहीत. वजनकाट्यावर गाडी रिकामी आणि पूर्ण भरलेली तोलतात. अर्धी भरून दोन्ही एक्सल वेगवेगळे तोलायला कुणी सांगत नाही. तेच सांगा.

इजेक्टर प्लेटमागचा टेलिस्कोपिक सिलिंडर दोन कामं करतो. खाली करताना तो प्लेट मागे ढकलून कचरा बाहेर काढतो, आणि भरताना प्लेटला अडवून धरतो. या अडवण्यावर सगळा दाब अवलंबून आहे, आणि त्याचा व्हॉल्व्ह किती बारवर सेट केलाय यावर गाडीचं वागणं ठरतं. कमी ठेवला तर दोन-चार फेऱ्यांतच प्लेट पुढे पळते, कचरा सैल राहतो आणि गाडी ‘लवकर भरते’ अशी तक्रार येते. जास्त ठेवला तर पॅकर कण्हतो, ऑइल तापतं, बॉडीच्या बाजू फुगतात आणि टेलगेटच्या लॉकवर ताण येतो. ही सेटिंग पुरवठादाराकडून लिहून घ्यावी आणि व्हॉल्व्हला सील मारून घ्यावं. गाडी कमी दाबते म्हणून कुणीतरी पान्याने अर्धा आटा पिळतो, आणि सहा महिन्यांनी वेल्डिंगला तडे जातात.

प्लेटच्या मागे, केबिनच्या बाजूला, रोज थोडा कचरा कडेने निसटून साचतो. तो काढला नाही तर दगडासारखा घट्ट बसतो, प्लेट केबिनकडे पूर्ण सरकत नाही, आणि एक दिवस जोर लावताना सिलिंडर वाकतो. हा गाडीतला बहुधा सगळ्यात महाग सिलिंडर. त्यासाठी बॉडीच्या बाजूला सफाईचं दार असतं. ते माणूस वाकून फावडं चालवू शकेल एवढं हवं. काही बॉड्यांवर हे दार एवढं लहान असतं की त्यातून फक्त झाडू जातो. अशी बॉडी नाकारायला हरकत नाही.

सील. या एका रबरी पट्टीवर लोकांचं गाडीबद्दलचं मत ठरतं, कारण रस्त्यावर सांडणारं काळं पाणी तिच्यातूनच येतं. टेलगेट बॉडीला जिथे टेकतं तिथे तळाशी आडवा आणि दोन्ही बाजूंनी वर चढलेला असा हा सील. बाजूने तो किती वर गेलाय ते हाताने मापून बघा. चढावर हे सगळं पाणी, म्हणजे लीचेट, मागे येतं, त्यामुळे फक्त तळाला सील असलेली गाडी सपाट रस्त्यावर कोरडी राहते आणि पुलावर चढली की गळते. कचरा खाली केल्यावर टेलगेट मिटण्याआधी सीलची बैठक झाडूने साफ करायची असते, दोन मिनिटांचं काम. पण टेलगेट तेव्हा वर उचललेलं असतं, म्हणून आधी सुरक्षा-टेकू लावायचा आणि मगच हात घालायचा. घाईत हे राहतं. बाटलीचं एक झाकण किंवा हाडाचा तुकडा सीलखाली अडकतो, टेलगेटचं वजन त्यावर येतं आणि रबरात कायमचा खड्डा पडतो. दुसऱ्या दिवसापासून बरोबर त्या जागेखाली रस्त्यावर थेंबांची रेघ.

लॉकबद्दल आमचं मत जरा जुन्या वळणाचं आहे. हायड्रॉलिक लॉक आपोआप लागतो, ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नाही; सोय आहेच. पण सील चेपला की टेलगेट आणखी आवळायला त्यात वाव कमी असतो, शिम (पातळ पट्ट्या) घालत बसावं लागतं. हाताने फिरवायचा आट्यांचा लॉक कटकटीचा, पण रबर झिजत जाईल तसा अर्धा फेरा जास्त देता येतो. ओल्या कचऱ्याच्या गाडीला तोच बरा. लीचेटची टाकी १५० ते २०० लिटरची असावी आणि तिचा निचरा तीन इंची व्हॉल्व्हने व्हावा. बारीक नळ दिला असेल तर प्लास्टिकच्या पिशवीच्या एका चिंधीने तो बंद पडतो. हॉपरमधून टाकीत जाणारी जाळी रोज काढून धुता आली पाहिजे, स्पॅनर न लावता.

हॉपरच्या तळावर ब्लेड दिवसभर घासतो, मध्ये काच आणि वाळू. इथे साधा पत्रा चालत नाही. ४५० ब्रिनेल कठीणपणाचा झीजरोधक पत्रा मागावा, आणि नुसतं ‘हाय टेन्साइल’ लिहिलेलं मान्य करू नये, कारण ताकद आणि झीज सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ताजं लीचेट आम्लधर्मी असतं, त्यामुळे रंग उडालेला कोपरा पटकन खातं. तळाची वेल्डिंग आतून सलग असावी, तुकड्यातुकड्याची नको.

हायड्रॉलिकचा पंप पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद पंपाला देणाऱ्या जोडणीवर, चालतो. पॅकिंग करताना इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर जातं, तेवढ्यासाठी पंप निवडलेला असतो. पीटीओ चालू ठेवून ड्रायव्हर पुढच्या गल्लीपर्यंत गाडी पळवतो तेव्हा पंप दुप्पट वेगाने फिरतो आणि लवकर मरतो. ठरावीक वेगानंतर पीटीओ आपोआप सुटेल असा इंटरलॉक असेल तर त्याचे पैसे द्यावेत. पंप घूं-घूं आवाज करू लागला तर आधी सक्शनची जाळी आणि सक्शन होजचे क्लॅम्प बघा. बहुतेक वेळा पंप ठीक असतो, तो हवा ओढत असतो. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, अनेकदा टाकीच्या ब्रीदरवर (हवेच्या तोंडावर) प्रेशरचा पाण्याचा झोत मारल्यामुळे. तापमान ८० अंशांच्या वर राहू लागलं की सिलिंडरचे सील कडक होऊन गळतात. रिटर्न फिल्टर पहिल्यांदा ५० तासांनी बदलायचा, कारण नव्या पाइपिंगमधला वेल्डिंगचा कचरा त्यातच अडकतो. हा पहिला फिल्टर वेळेवर बदलला नाही तर व्हॉल्व्हचे स्पूल (आत सरकणारे दांडे) ओरखडतात, आणि मग कुठलंही ऑइल घाला, फेरी मंदच.

स्लाइड ज्या खाचेत चालते तिथे प्लास्टिकचे घर्षण-ठोकळे असतात. ते झिजले की स्लाइड तिरकी चालते, एका बाजूचा सिलिंडर जास्त भार घेतो आणि पिन-बुश ढिले होतात. ठोकळे स्वस्त आहेत. ते बदलायला टेलगेट उतरवावं लागत असेल तर मात्र ते वेळेत बदलले जाणार नाहीत, म्हणून बदलण्याची पद्धत खरेदीआधी करून दाखवायला सांगा. ग्रीसचे पॉइंट वीस-पंचवीस तरी असतात. ते जमिनीवर उभं राहून पोचतील अशा एका पट्टीवर आणलेले असावेत. वर चढून ग्रीस भरायचं असेल तर वरचे चार पॉइंट कायम कोरडे सापडतात.

फेरी मध्येच अडकणं ही सेन्सरवाल्या गाड्यांची ठरलेली तक्रार. स्लाइड कुठे पोचली हे सांगणारा सेन्सर चिखलाने माखतो किंवा पत्रा वाकून त्याच्यापासून दूर जातो. सेन्सरला पत्र्याचं कवच हवं, आणि हाताने चालवायचे लिव्हर शाबूत हवेत, म्हणजे निदान गाडी खाली करून वर्कशॉपला आणता येते.

बिन लिफ्टर २४० लिटरचे डबे कंगव्यासारख्या दात्यांवर आणि ११०० लिटरचे डबे दोन बाजूंच्या खुंट्यांवर उचलतो. डबे ईएन ८४० या युरोपीय मानकाच्या मापाचे असतील तरच तो नीट चालतो. कडा तुटलेला डबा अर्ध्या वाटेत निसटून थेट हॉपरमध्ये जातो, आणि तो बाहेर काढायला कामगार आत वाकतो. तिथेच अपघात घडतात. ब्लेड आणि हॉपरच्या कडेमधली फट हात सोडत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना लाल स्टॉप बटण, शिवाय ब्लेड उलटा उघडणारं वेगळं सुटका-बटण, आणि ही बटणं हातमोज्यानिशी दाबता येतील एवढी मोठी. युरोपच्या ईएन १५०१-१ मानकानुसार मागच्या पायरीवर माणूस उभा असताना गाडी ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि रिव्हर्स तर घेताच येऊ नये. पायरीतला सेन्सर हे आपोआप करतो. त्याला तार जोडून फसवणं सोपं आहे आणि तसं केलेलं दिसतंही. तपासणीत पायरीवर उभं राहून ड्रायव्हरला रिव्हर्स टाकायला लावा.

लिथियम बॅटऱ्या दाबल्या गेल्या की पेटतात, आणि आग दाबलेल्या कचऱ्याच्या पोटात असते, बाहेरून मारलेलं पाणी तिथे पोचत नाही. धूर दिसला तर मोकळ्या जागी नेऊन कचरा बाहेर ढकलायचा आणि मग विझवायचा. इजेक्टर चालू राहील अशी हायड्रॉलिक लाइन हॉपरच्या बाजूने न जाता वरून गेलेली असेल तर बरं. मलबा आणि दगड यासाठी ही गाडी नाहीच. एक विटेचा ढीग ब्लेडची धार वाकवतो.

ताब्यात घेण्याआधी अर्धा दिवस काढा. हॉपरमध्ये वीतभर पाणी भरून गाडी चढावर, तोंड वर करून तासभर उभी ठेवा आणि खाली पुठ्ठा अंथरा. मग सलग तीस फेऱ्या चालवून ऑइलचं तापमान आणि शेवटच्या फेरीचे सेकंद लिहा. पहिल्या फेरीपेक्षा दोन-तीन सेकंदांहून जास्त फरक पडू नये. कचऱ्याने भरलेली गाडी खाली करून बघा, प्लेट बॉडीच्या मागच्या कडेपर्यंत आली पाहिजे, वीतभर आधी थांबली तर रोज तेवढा कचरा आतच फिरत राहणार. शेवटी टेलगेट पूर्ण वर घेऊन इंजिन बंद करा, सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण करा, टेकू न लावता दहा मिनिटं दूर उभे राहा. कुणालाही खाली जाऊ देऊ नका. खूण हलली, तर सिलिंडरचा लॉक व्हॉल्व्ह बदलून मिळेपर्यंत सही करू नये.