उन्हाळ्याचा माइक, हिवाळ्याचा माइक: घरच्या रेकॉर्डिंगचे आठ महिने

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सामान घरी आणलं. म्हणजे नागपुरात माणूस कूलरसमोरून हलत नाही, नेमक्या त्या दिवसांत. कारण बाबा. वय ७४, हातात खंजिरी आणि तुकडोजी महाराजांची शे-दीडशे भजनं तोंडपाठ. आवाज आहे तोवर धड रेकॉर्ड करून ठेवू, इतकंच डोक्यात होतं. मोबाइलवरची जुनी रेकॉर्डिंगं आहेत, पण त्यांत बाबा कमी आणि पंखाच जास्त.

काय घेतलं ते आधी सांगतो. वापरलेला फोकसराइट स्कार्लेट सोलो, तिसऱ्या पिढीचा, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायची डबी. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० माइक आणि त्यांचेच एम२०एक्स हेडफोन. जूनमध्ये वरून शुअरचा एसएम५८ माइक. लॅपटॉप घरचाच, जुना. सॉफ्टवेअर रीपर, ६० दिवस फुकट वापरता येतं, मग घरगुती वापरासाठी ६० डॉलरचा परवाना. स्टँड आणि केबल धरून ३० हजारांच्या आसपास गेले.

आणि हो, फोम. सीताबर्डीवरून एक इंची काळ्या फोमचे चौकोन आणले आणि दुहेरी टेपने भिंतीला चिकटवले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता धप्प, धप्प, धप्प. टेपचा गोंद उन्हाने पातळ झाला होता. आई दचकून उठली, तिला वाटलं घरात मांजर शिरलं. सकाळी ते परत चिकटवले नाहीत, आणि आजवर त्यांची आठवणही आली नाही. एक इंची फोम फक्त वरचे सूर शोषतो. १०० हर्ट्झच्या सुराची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, त्याच्यापुढे हा फोम म्हणजे मच्छरदाणी. खोलीचा घुमारा तसाच राहतो आणि वरची चमक तेवढी जाते. आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो, तो यामुळे.

आमची खोली दहा बाय अकरा. खाली टाइल्स, वर स्लॅब. टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा पडसाद येतो. उपाय दिवाणात पडून होता: हिवाळ्याच्या रजया. कपडे वाळवायच्या दोन स्टँडवर दोन जाड रजया टाकल्या आणि ते स्टँड बाबांच्या पाठीमागे उभे केले. पाठीमागे का, तर माइक बाबांकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला बाबा आणि त्यांच्यामागची भिंत दिसते. लोक माइकच्या मागे फोम लावतात, तिकडे तर तो बहिराच असतो. रजयांनी जो फरक पडला तो कुठल्याच खरेदीने पडला नाही. मे महिन्यात दोन रजयांपुढे बसून गायचं म्हणजे काय, ते मात्र बाबांना विचारा. तिसऱ्या टेकला म्हणाले, “काऊन बे, कूलर बंद करून मले शिजवून राहिला का?”

कूलर हा या सगळ्या कथेतला खलनायक. चालू ठेवला तर रेकॉर्डिंग वाया, बंद केला तर माणूस वाया. मी आधी चालूच ठेवून रीपरमधल्या रीआफिरने त्याची घरघर वजा करायचा प्रयत्न केला. जमतं, पण थोडंच. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि खंजिरीच्या झांजा कागद चुरगाळल्यासारख्या वाजतात. मग वेळ बदलली. बाबा साडेचारला उठतातच. पाच ते सहा कूलर बंद, खिडक्या बंद. भाजीवाल्याचा भोंगा आणि कचऱ्याची गाडी यायच्या आत काम आटपायचं. अजनी स्टेशनकडून रेल्वेचा हॉर्न येतो, त्याला इलाज नाही, तेवढी ओळ परत घ्यायची. एका भजनात मागे कोकीळ आली आहे. ती ठेवली.

आता माइकचं. सगळीकडे सांगतात की कंडेन्सर माइक (आमचा एटी२०२०) खोली ऐकतो आणि डायनॅमिक (एसएम५८) ऐकत नाही. मी दोन्ही एकाच जागी, तोंडापासून एक फूट लांब लावले, आवाजाची पातळी सारखी केली आणि ऐकलं. खोली दोन्हींत जवळपास सारखीच! वर ५८ ला गेन, म्हणजे सोलोवरची सिग्नलची वाढ, इतका वाढवावा लागला की मागे हलकी सिसी यायला लागली, कारण त्याचा सिग्नल एटी२०२० पेक्षा १७-१८ डेसिबलने कमी असतो. मग ५८ चा फायदा कशात? त्याला तोंडाजवळ नेता येतं. एक वीत अंतरावरून तीन बोटांवर आलात की तुमचा आवाज साडेनऊ-दहा डेसिबलने चढतो, खोलीचा आणि कूलरचा आहे तिथेच राहतो. एवढं जवळ एटी२०२० समोर गायलं की प, फ, भ चे फटके बसतात. ५८ ची जाळी ते बरेचसे झेलते. इतक्या जवळून खर्ज फुगतो, म्हणून १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकतो. जून ते सप्टेंबरची सगळी भजनं ५८ वर आहेत, पंखा एकवर ठेवून.

खंजिरीने फार छळलं. बाबांना खंजिरीशिवाय गाताच येत नाही. वेगवेगळं रेकॉर्ड करू म्हटलं तर हात मांडीवर वाजायला लागतो आणि ठेका हरवतो. समोर खंजिरी धरली की झांजांचा खणखणाट गळ्यावर चढतो. दोन रविवार गेले तेव्हा कळलं की माइक खाली आणून तोंडाकडे तिरका वर बघेल असा लावायचा आणि खंजिरी गुडघ्याशी धरायची. आमचे दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे; अशा माइकला पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकू येतं आणि खंजिरी बरोबर त्या पाठीत येते. गेन गळ्यावर नाही, खंजिरीच्या सगळ्यांत जोरदार थापेवर ठरवतो, मीटर उणे दहाच्या वर जाऊ देत नाही. २४ बिटवर, म्हणजे जास्त बारकाव्याने, रेकॉर्ड करताना एवढी जागा सोडली तर काही बिघडत नाही. सोलोच्या गोल बटणाभोवतीचा दिवा लाल झाला की बाबाच थांबतात, “लाल झाला बे.”

हेडफोन त्यांनी दोन्ही कानांवर कधीच घेतले नाहीत. एक कान उघडा, त्या बाजूच्या हेडफोनमधून तंबोऱ्याचा सूर थोडा माइकमध्ये जातो. जाऊ दे, तोच सूर शेवटी मिक्समध्येही आहे. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो ही तक्रार सोलोवरचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारं बटण) चालू केल्यावर मिटली. लॅपटॉपचा चार्जर लावला की ५० हर्ट्झची गुणगुण येते, लॅपटॉपच्या कडेला बोट लावलं की थांबते. घराच्या अर्थिंगचं काम मालकांकडे अडलेलं आहे. तोवर बॅटरीवर रेकॉर्डिंग.

नोव्हेंबरपासून कूलर माळ्यावर, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि एटी२०२० परत स्टँडवर. आता एक वीत अंतर. बाबांच्या श्वासाचा शेवट आणि झांजा थांबतानाची किणकिण यात आली, ती ५८ मध्ये नव्हती. रजयांवरून मात्र भांडण आहे, कारण आता त्या आईलाही लागतात. रात्री पांघरायच्या, पाचला मी स्टँडवर नेतो.

तयार फाइल उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास ठेवतो, स्पॉटिफायचीही नेहमीची पातळी तीच. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नाही, नाहीतर सगळी मेहनत दाबून टाकतं. अमरावतीच्या आत्याने एक भजन मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं आणि फोन केला. आवाजाबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, दुसऱ्या कडव्यात दादा एक ओळ खाऊन गेला. ते भजन परवा पाचला परत घ्यायचं आहे.