ऊर्जा प्रकल्पांच्या परवानग्यांसाठी अमेरिकेची ‘फास्ट-४१’ सेवा : एक परीक्षण

अमेरिकेत मोठा ऊर्जा प्रकल्प उभारायचा, तर जमीन, पाणी, वन्यजीव आणि लष्करी क्षेत्रे यांसाठी वेगवेगळ्या केंद्रीय खात्यांच्या परवानग्या लागतात. या खात्यांत मेळ घालण्यासाठी डिसेंबर २०१५ च्या कायद्याने एक सुकाणू परिषद नेमली गेली. तिची सेवा ‘फास्ट-४१’ या नावाने ओळखली जाते.

सेवा ऐच्छिक आहे. कंपनीने अर्ज केला आणि प्रकल्प पात्र ठरला, की त्याची नोंद सार्वजनिक संकेतस्थळावर होते आणि प्रमुख खात्याला ६० दिवसांत सर्व परवानग्यांचा एकत्रित आराखडा व वेळापत्रक तयार करावे लागते. या सेवेचे खरे मोल या उघड वेळापत्रकात आहे, असे माझे मत आहे. कोणती परवानगी कोणत्या खात्याकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत अडली आहे, हे कंपनीला, तिला कर्ज देणाऱ्या बँकेला आणि प्रकल्पाला विरोध करणाऱ्या रहिवाशालाही सारखेच दिसते. शिवाय मुदत ३० दिवसांवर आली, की खात्याला ती पुढे ढकलता येत नाही. पर्यावरणाचे निकष मात्र यामुळे तसूभरही सैल होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परवानगीला न्यायालयात आव्हान देण्याची मुदत सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. कंपन्यांना हा मोठा दिलासा असला, तरी बाधित लोकांच्या दृष्टीने हे बंधन कठोर आहे.

सेवेची मर्यादा ‘सनझिया’ वीजवाहिनीच्या उदाहरणातून कळते. न्यू मेक्सिकोतील पवनऊर्जा ॲरिझोनाकडे नेणाऱ्या, सुमारे ५५० मैल लांबीच्या या वाहिनीसाठी २००८ मध्ये अर्ज झाला. केंद्राची पहिली मंजुरी २०१५ मध्ये मिळाली, पण २०१८ मध्ये न्यू मेक्सिकोच्या नियामक आयोगाने मार्गाला नकार दिला. मार्ग बदलल्यानंतर केंद्राची नवी मंजुरी येईपर्यंत मे २०२३ उजाडला. राज्यांनी या व्यवस्थेत यावे, अशी सक्ती कायद्यात नाही. त्यामुळे केंद्रातील समन्वय कितीही चांगला असला, तरी राज्याच्या किंवा काउंटीच्या पातळीवरचा पेच कंपनीला स्वतःच सोडवावा लागतो.

माझा मुख्य आक्षेप पात्रतेच्या अटीवर आहे. काही अपवाद वगळता प्रकल्पाची गुंतवणूक २० कोटी डॉलरपेक्षा जास्त असावी लागते. एवढ्या मोठ्या कंपन्यांकडे वकील आणि सल्लागार आधीच असतात. कोणत्या खात्याकडे आधी जावे, हे सांगणाऱ्या अधिकाऱ्याची गरज लहान विकासकाला कितीतरी जास्त असते. २०२२ च्या कायद्याने परिषदेला ३५ कोटी डॉलर दिले. त्यातील काही भाग लहान प्रकल्पांना अर्जापूर्वी मार्गदर्शन करण्यासाठी राखून ठेवायला हवा होता.

पात्र कंपन्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी, मात्र पक्ष्यांच्या नोंदींसारखी ऋतुमानावर अवलंबून असलेली सर्वेक्षणे अर्जापूर्वीच पूर्ण करावीत, कारण अशी माहिती अपुरी राहिली, तर वेळापत्रकाच्या उपयोगाने ती भरून निघत नाही.