मॅस्टोडॉन की ब्लूस्काय: आपली माणसं कुठे लवकर सापडतात?

ट्विटर सोडून मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच सोशल साइटवर आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न, इथं आहे कोण? ब्लूस्कायवर उत्तर पटकन मिळतं. जून 2024 मध्ये त्यांनी स्टार्टर पॅक आणले, म्हणजे कुणीही 150 पर्यंत अकाउंटची यादी करायची, लिंक द्यायची आणि समोरच्याने एक बटण दाबलं की सगळे फॉलो. पण यादी शेवटी कुणाच्या तरी मर्जीची ना, त्यामुळे जे आधीच फेमस तेच परत परत दिसतात आणि नवीन माणूस बाहेरच.

मॅस्टोडॉनवर कष्ट आहेत बाबा. ते म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले अनेक सर्व्हर, आणि तुमचं अकाउंट त्यातल्या एकावर. तुमचा सर्व्हर छोटा असेल तर त्याला जे माहीत नाही ते सर्चमध्ये येतच नाही, मग माणसाचा सर्व्हरसकट पूर्ण पत्ता टाकायचा, आणि पोस्टमधला मजकूर शोधायची नीट सोय आली 2023 मध्ये, 4.2 व्हर्जनला, तीसुद्धा ज्याने सेटिंगमध्ये परवानगी दिली त्याच्याच पोस्टपुरती. ट्रोलिंगने पोळलेल्यांना हे बरं वाटतं, मलाही पटतं, फक्त नवख्याला वाटतं गाव ओसाड आहे. इथं खरं काम हॅशटॅग करतात. 2022 च्या 4.0 पासून हॅशटॅगच फॉलो करता येतो, त्यामुळे #मराठी फॉलो केलं की तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्या अनोळखी लोकांच्या पोस्टही टाइमलाइनवर येतात, फेमस असो वा नसो.

घाई असेल तर ब्लूस्काय घ्या. मॅस्टोडॉन घेतलंत तर जरा मोठा सर्व्हर बघा आणि ती सर्चची परवानगी चालू करा. दोन्हीकडे दिसायचं असेल तर ब्रिजी फेड आहे, म्हणजे एकीकडच्या पोस्ट दुसरीकडे पोचवणारी सेवा, त्याचं अकाउंट फॉलो करायचं.